धोंड कोण सरकवणार?



सध्या आपला उपवासाचा काळ चालू आहे. राखेच्या बुधवारी तो लागतो आणि ईस्टरला संपतो. मधले रविवार सोडले तर दिवस भरतात ४०. प्रभू येशू रानात ४० दिवस उपाशी राहिला, त्याची ही आठवण.

या दिवसांत कोणी मटण सोडतो, कोणी तंबाखू सोडतो. चांगलेच आहे. पण तंबाखू सुटली आणि भावाशी धरलेला अबोला तसाच राहिला, तर उपास पोटाला घडला, मनाला नाही.

आज आपण ईस्टरच्या पहाटेचा विचार करू. शुक्रवारी येशूला वधस्तंभावर खिळले. खडकात खोदलेल्या कबरेत त्याला ठेवले आणि तोंडाशी मोठी धोंड लोटली. शनिवार विसाव्याचा दिवस. तो रडण्यातच गेला असेल. रविवारी उजाडता उजाडता काही बाया सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या. येशू उठला असेल, हे त्यांच्या मनातही नव्हते. त्या निघाल्या मायेपोटी. वाटेत एकमेकींना विचारू लागल्या, ही धोंड सरकवणार कोण? उत्तर एकीलाही ठाऊक नव्हते. तरी त्या मागे फिरल्या नाहीत. जाऊन बघतात तो काय, धोंड बाजूला झालेली!

उत्तर नसताना वाट चालणे, यालाच आम्ही विश्वास म्हणतो.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचे आईबाप आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. तेव्हा रमाबाईंना विशीही लागली नव्हती. पुढे लग्नाला दोन वर्षे झाली नाहीत तोच, १८८२ साली, नवरा पटकीने गेला. पदरात तान्ही मुलगी. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथून उपाशी मुली, विधवा बाया आणल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांना सांभाळले. भुकेचे दुःख त्यांना ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होते.

थोडे शिकलेल्या बायांनाही बायबल कळावे, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी ते सोप्या मराठीत आणायला घेतले. १९२१ साली त्यांची एकुलती लेक मनोरमा वारली. तरी रमाबाईंनी लेखणी ठेवली नाही. काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. ते उपवासाचेच दिवस होते. ईस्टर ११ दिवसांवर आला होता. छापून झालेले सगळे पुस्तक त्यांच्या हाती आले नाही. पण ते निघाले, आणि लोकांनी वाचले.

आपल्या घरीही धोंडी आहेत. कुणाची विहीर आटली, कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कुणाचे लेकरू गेले. अशा घरी जाऊन ‘धीर धरा’ म्हणणे सोपे असते. आम्हीही म्हटले आहे, आणि म्हणताना आमचीच जीभ अडखळली आहे. प्रत्येक धोंड आपल्या मनासारखी सरकेल, असे आम्ही सांगत नाही. पण त्या बायांपैकी एकटी कुणी चालली नव्हती, हे विसरू नका.

तर या ईस्टरच्या आधी एवढे करू या. ज्याच्या घरी दुःख आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसू. ज्याच्याशी अबोला आहे, त्याला हाक मारू. आणि आता आपल्याला अक्षर लागते, तेव्हा ती पहाटेची गोष्ट स्वतः वाचू. शेजारणीला वाचता येत नसेल, तर तिलाही वाचून दाखवू.