अवचित पाहुणा आणि घरचें पन्हें

चैत्रांतल्या टळटळीत दुपारीं दारावर थाप पडते. पाहुणे सहकुटुंब आलेले असतात. यजमान तोंडभर स्वागत करतात. गृहिणी हंसून ‘बसा हं’ म्हणते आणि स्वयंपाकघरांत जाते, ती तासाभरानें घामाघूम होऊनच बाहेर येते. तोंवर सुखदुःखाच्या गोष्टी बोलून संपलेल्या असतात आणि पाहुण्यांची नजर घड्याळाकडे वळलेली असते. जिच्या भेटीसाठीं ते आले, तिचीच भेट राहून जाते. याला आतिथ्य म्हणावें कीं शिक्षा, हा प्रश्न सुशिक्षित घरांनीं स्वतःस विचारावयास हवा.

त्याचें उत्तर महाराष्ट्राच्या जुन्या चालीरीतींतच आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें. एका संध्याकाळीं चाळीस-पन्नास बायका येऊन जातात, पण त्या वेळीं चूल पेटती ठेवावी लागत नाहीं. आंब्याची डाळ, पन्हें आणि भिजविलेले हरभरे हें सर्व आधींच सिद्ध असतें.

पन्ह्यासाठीं कैऱ्या उकडून गर काढावा. त्यांत दीडपट ते दुप्पट चिरलेला गूळ, चवीपुरतें मीठ आणि वेलदोड्यांची पूड घालून गर चाळणीवर गाळावा. बंद बरणींत, शीतकपाटांत तो आठवडाभर सहज राहतो. ऐन वेळीं वाटीभर गरास तीन वाट्या माठांतलें पाणी घातलें, कीं झालें. उन्हांतून आलेल्या माणसाचें घामावाटे गेलेलें पाणी व मीठ त्यानें भरून निघतें.

डाळीचें मर्म वाटण्यांत आहे. हरभऱ्याची डाळ चार-पांच तास भिजवून, निथळून जाडसरच वाटावी. पिठासारखी झाली तर लज्जत गेली. किसलेली कैरी, ओलें खोबरें, मीठ व किंचित साखर मिसळून वर मोहरी, हिंग, हळद आणि मिरच्यांची फोडणी गार करून घालावी.

कांहींच तयारी नसेल, तर दडपे पोहे करावे. त्यांस पातळ पोहेच हवेत आणि ते धुवावयाचे नाहींत. बारीक चिरलेला कांदा, ओलें खोबरें, लिंबाचा रस, मीठ व साखर त्यांत कालवावी, नारळाचें पाणी शिंपडावें आणि जड झांकणाखालीं 15 मिनिटें दडपून ठेवावे. कांद्याखोबऱ्याच्या ओलाव्यानेंच पोहे मऊ होतात. नांव पडलें तें यावरूनच. वाढतांना फोडणी घालून भाजलेला पापड चुरावा. सोबत आलें, कोथिंबीर व हिंग घातलेला मठ्ठा असावा. कोंकणांतल्या घरीं त्याच्या जागीं अमृतकोकम येईल.

या पदार्थांस द्रव्य थोडें लागतें, हा त्यांचा लहान गुण. मोठा गुण असा, कीं ते कोणालाहि करतां येतात. पोहे कालवण्यास जशी चूल लागत नाहीं, तसा स्त्रीजन्महि लागत नाहीं. पुढल्या वेळीं थाप पडेल तेव्हां यजमानांनीं पन्ह्यांत पाणी घालावें, मुलांनीं पेले मांडावे आणि गृहिणीनें पाहुणीच्या शेजारीं बसून पहिली विचारपूस करावी. पोह्यांत मीठ कमीअधिक झालें, तर तें पाहुणे विसरतील. ती जवळ बसली होती, हें विसरणार नाहींत.