तहसील, तालीम आणि वारस
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



विद्यापीठात मी अरबी भाषा घेतली होती. तिचा संसारात काय उपयोग, असे पुष्कळजणी विचारतात. त्याचे उत्तर आपल्या तहसील कचेरीच्या पाटीवरच आहे.

अरबीच्या अभ्यासात ‘सर्फ’ हा एक भाग असतो. सर्फ म्हणजे शब्दांची घडण. बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजने असतात आणि ठरलेल्या साच्यांत घालून त्यांचे नवे शब्द पाडतात. अनारशाच्या नव्हे, पण करंजीच्या साच्यासारखेच म्हणा ना! ‘ह-स-ल’ म्हणजे हाती येणे. हाती आलेला तो महसूल. मधले व्यंजन दुप्पट केले की ‘हाती आणणे, गोळा करणे’ असे क्रियापद होते. त्याचे नाम तहसील. ‘जाणणे’ या अर्थाचे मूळ त्याच साच्यांत घाला. जाणलेले ते मालूम आणि जाणते करणे ती तालीम. आपण ‘शिकणे’चे ‘शिकवणे’ करतो, तसेच हे. तालीम म्हणजे मुळात शिक्षण. आपण मात्र ती पैलवानांना देऊन टाकली! क्रियापदांचे असे दहा प्रमुख प्रकार आम्हांला घोकावे लागत.

हे शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आले. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता व वरचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळे. राज्य गेले, पण कागदावरचे शब्द राहिले.

त्यांतला एक शब्द आपल्या जिव्हाळ्याचा आहे. हुकूम करणारा तो हाकीम, तसा वारशाने घेणारा तो वारस. अरबीत स्त्रीसाठी ‘वारिसा’ असे निराळे रूप आहे. मराठीत मुलगा असो की मुलगी, वारस एकच. कायदाही तेच म्हणतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने बसवले. मुसलमान भगिनींचा हिस्सा तर कुराणातच सांगितलेला आहे.

तरीही हक्कसोडपत्र पुढे आले की आपण पदर सावरून, न वाचता सही करतो. भावासाठी हक्क सोडावा की नाही, हे जिचे तिने ठरवावे. पण ‘हक्क’, ‘वारस’, ‘मजकूर’ हे शब्द भारदस्त दिसतात म्हणून बिचकू नये. कागद वाचावा, न कळल्यास विचारावा, मगच सही करावी.