हातची कला आणि आपला हक्क
(दीपनगर येथील भाषण)



घरी चार वस्तू हाताने घडवून विकाव्यात असे मनात येते. पण ‘नवे काय सुचणार?’ या प्रश्नापाशी आपण अडतो. उत्तर दूर नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यात घड उतरविल्यावर केळीची खोडे टाकून दिली जातात. त्यांच्या सोपटांतून निघणाऱ्या धाग्याच्या पिशव्या व चटया होतात. नक्षी हवी असेल तर अजिंठ्यास जा. तेथील छतांवर कमळे, हंस, फळे रंगविलेली आहेत. सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांवरून स्फूर्ती घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु तेच कमळ जसेच्या तसे उतरविले, तर ते तुमचे एकट्याचे होत नाही. त्यातून नवी आकृती रचाल, तरच तिच्यावर हक्क सांगता येईल. डिझाइन कायदा, २००० अन्वये नोंदणी केल्यास तो हक्क १० वर्षे, व मुदत वाढविल्यास आणखी ५ वर्षे टिकतो. मात्र अर्जापूर्वी ती आकृती बाजारात उघड मांडली, तर तिचे नावीन्य संपते आणि नोंदणी नाकारली जाऊ शकते. म्हणून आधी अर्ज, मग दुकान.

आणखी एक गोष्ट. किंमत ठरविताना धाग्याबरोबर घरातील स्त्रीची मजुरीही धरा. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना राबविणारी रीत १९५८ च्या कायद्याने मोडली. ती आपल्याच घरात पुन्हा चालू होऊ देऊ नका.