अडलेला पिस्टन: जोर लावण्याआधी कारण शोधा

कोणी इअरफोन लावून बसमध्ये बसलं असेल, कोणी गॅरेजमध्ये हात काळे करत ऐकत असेल. आजचा विषय दोघांच्याही कामाचा आहे. जुन्या मोटरसायकलच्या इंजिनात एखादा भाग जाम झाला, तर तो न मोडता काढायचा कसा?

मी बोलतोय गोंदिया जिल्ह्यातून, आमगावच्या बाजूने. समोर टेबलावर एका येझदीचं इंजिन आहे. गाडी माझ्या मोठ्या बाबांची. बरीच वर्षं गोठ्याच्या कडेला तणसाच्या ढिगाला टेकून उभी होती. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने हवेत ओल असते आणि तणस ती ओल धरून ठेवते. किक मारली तर हलायलाही तयार नाही. मोठे बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत इंजिन सुटलं तर गाडी तुझी. नाहीतर कबाड्याला देऊन टाकतो." म्हणजे हातात तीन महिने.

आता ही गाडी साधी नाही. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायला लागल्या, पुढे त्याच गाड्या येझदी नावाने आल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नाव पुन्हा बाजारात आलं, पण नव्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे, पाण्याने थंड होणारं. त्याचा एकही भाग जुन्या टू-स्ट्रोकला बसत नाही. म्हणजे जुन्या ब्लॉकची एक पाती तुटली किंवा केसिंगला तडा गेला, तर शोरूममध्ये जाऊन नवा आणता येत नाही. म्हणून हातोडी उचलण्याआधी विचार करायचा.

माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. अडलेला भाग हट्टी नसतो, त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. कोणी धरलंय ते आधी शोधा, मग हत्यार निवडा.

धरणारे साधारण चार असतात. एक, गंज. दोन, घट्ट बसवणी, म्हणजे बेअरिंग केसिंगमध्ये दाबून बसवलेली असते तशी. तीन, टेपर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर आवळून बसलेला भाग. आणि चार, आपल्याला न दिसलेला एखादा स्क्रू. हसू नका, कव्हर निघत नाही म्हणून पेचकस घुसवून ओरबाडलेली कितीतरी इंजिनं मी पाहिलीत, आणि शेवटी मळाखाली एक स्क्रू तसाच आवळलेला सापडतो. म्हणून पहिलं काम साफसफाई. डिझेल आणि ब्रशने बाहेरचा मळ काढा, सगळे स्क्रू मोजा, मोबाइलवर फोटो काढा.

आता पिस्टन. इंजिन जाम आहे म्हणजे पिस्टनच जाम आहे असं नाही. गिअरबॉक्स असू शकतो, क्रँकची बेअरिंग असू शकते. येझदीत एक सोय आहे. सायलेंसरचे पाइप काढले की एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनची भिंत दिसते. तिथे तांबूस गंज दिसला की समजायचं, चोर इथेच आहे.

मग प्लग काढा आणि वरून तेल सोडा. गंज सुटायचा स्प्रे मिळतो. काही जण एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल, आणि एसीटोन निम्मं-निम्मं मिसळतात. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल घातलं तरी काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. एसीटोन वापरणार असाल तर उघड्यावर वापरा. बिडी, चूल, वायरची ठिणगी काहीही जवळ नको, आणि पेंटवर थेंब पडू देऊ नका.

मी रोज संध्याकाळी दोन चमचे सोडत होतो. आठवडा झाला, काही नाही. मोठे बाबा येऊन बघायचे. "एवढा वेळ काहून लागते रे? एक घण मार ना!" मी म्हटलं, "मोठे बाबा, घण मारला तर पिस्टन नाही, खालची बेअरिंग जाईल."

हे नीट समजून घ्या. पिस्टनवर मारलेला ठोका कनेक्टिंग रॉडमधून थेट क्रँकच्या बेअरिंगवर उतरतो. त्यातही पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल, तर रॉड आणि क्रँक एका सरळ रेषेत येतात. मग कितीही मारा, क्रँक फिरणारच नाही, सगळा मार बेअरिंगच खाईल. म्हणून आधी प्लगच्या भोकातून लाकडी काडी सोडून पिस्टन कुठे अडलाय ते मोजा.

ठोक्याऐवजी झुलवा. गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळू पुढे-मागे करा. झटका नाही, झुला. जोर जास्त झालाच तर क्लच घसरतो, आतलं काही मोडत नाही. आमचं अकराव्या दिवशी हललं. किती? केसभर. पण केसभर हललं म्हणजे तेलाला आत जायला वाट मिळाली. मग परत तेल, परत झुला. त्यानंतर हेड काढलं, पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवला, लाकडी हातोडीने हलके ठोके दिले. एक मिलिमीटर खाली, पुन्हा वर. दोन दिवसांनी ब्लॉक अख्खा हातात आला, एकही पाती न तुटता.

आता गरम करण्याबद्दल, कारण "गरम कर, निघेल" हा सल्ला सगळे देतात. अर्धाच खरा आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. येझदीचा बोअर ६५ मिलिमीटरचा. तापमान १०० अंशांनी वाढलं तर ६५ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सुमारे ०.१५ मिलिमीटर फुगतं आणि तेवढंच लोखंड ०.०७ च्या आसपास.

आता गंमत बघा. बेअरिंग लोखंडी, केसिंग ॲल्युमिनियमचं. केसिंग तापवलं की भोक बेअरिंगपेक्षा जास्त मोठं होतं आणि बेअरिंग कधी कधी आपोआप खाली पडते. इथे गरम करणं एकदम बरोबर. केसिंगवर पाण्याचा थेंब टाका, चर्र आवाज आला की पुरे. पण पिस्टनचं उलटं आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. पिस्टन तापला तर तो आणखी घट्ट होईल! तिथे गरम करायचंच असेल तर बाहेरून ब्लॉक, तोही चहूबाजूंनी सारखा, आणि मग थंड होऊ द्यायचा. दोन धातू वेगवेगळे हलतात, त्या हालचालीने गंज फुटतो. एकाच जागी ज्योत धरली तर ओतीव लोखंडाला तडा जातो. आणि तेल-एसीटोन पूर्ण पुसल्याशिवाय आगीचं नावही काढायचं नाही.

टेपरची गोष्ट मला एका राइस मिलच्या फिटरकाकांनी शिकवली. गोंदिया म्हणजे धानाचा आणि राइस मिलचा गाव, आणि मिलमध्ये पुली, बेअरिंग काढणं हे रोजचंच काम. काका म्हणाले, "बाजूने ठोकशील तर दांडा वाकेल. पुलर लाव, ताण दे, आणि मग पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर एकच टक्का मार." क्रँकच्या टोकावर टेपरमध्ये बसलेल्या भागाला अगदी तेच केलं. ताण दिलेला असताना तो एक टक्का पडला, टक् असा आवाज आला आणि भाग सुटला. पुलर भाड्याने मिळतो, मागून आणता येतो. वाकलेला क्रँक सरळ करायला मात्र नागपूर गाठावं लागेल.

स्क्रू आणि नटांसाठी चार गोष्टी लक्षात ठेवा. पेचकस खाचेत पूर्ण भरेल असाच घ्या. स्क्रूच्या डोक्यावर आधी एक हलका ठोका द्या, गंजाची पकड सुटते. सोडण्याआधी किंचित आवळून बघा, मग सोडा. आणि सायलेंसरच्या खाचांच्या रिंगला छिन्नी लावू नका, हुक पाना लावा. स्टड तुटलाच तर उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. काही नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणून पान्याला पाइप जोडण्याआधी मॅन्युअल उघडा किंवा जुन्या मिस्त्रीला विचारा.

आणि थांबायचं कधी? पाना घसरायला लागला, नटाचे कोपरे गोल व्हायला लागले की त्या दिवशी हात धुवा, तेल सोडा, झोपा. तेलाला रात्र द्या.

आमची येझदी अजून सुरू झालेली नाही, खरं सांगतो. बोअरमध्ये गंजाचे खड्डे आहेत, रिबोअर करावाच लागेल. त्यातही क्रम पाळा. आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर कापून घ्या. आधी कापलं आणि त्या मापाचा पिस्टनच मिळाला नाही, तर ब्लॉक शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा.

पण इंजिन सुटलं, दिवाळीच्या आधी. मोठ्या बाबांनी ब्लॉक हातात घेतला, बोट आतून फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "कबाडीवाला आला तर त्याला सांग, इथं काही नाही."

पुढच्या भागात कार्बोरेटर उघडू. तुमच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल तर आज एकच काम करा, प्लग काढून दोन चमचे तेल सोडा. बाकी उद्या बघू. चला, भेटू.