बिघाड की टाळेबंदी?



ह्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय बोलले जातात. तेव्हा टॅब्लेट नावाचे पाटीएवढे यंत्र पेनड्राइव्हवरून चालू होत नसेल तर काय करावे, ह्यासाठी चालकांनी एक संध्याकाळ द्यावी ह्याचे काहींना नवल वाटले असेल. मी आठवीत शाळा सोडली आणि लेथवर उभा राहिलो. पुढे युनियनचे काम अंगावर आले. संगणक मी शिकलो तो कचेरीत, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरता भरता. तेव्हा मी बोलणार तो इंजिनियरासारखा नव्हे, तर यंत्राशी आणि मालकाशी अशा दोघांशीही ज्याला रोज बोलावे लागते अशा माणसासारखा.

आमच्या धंद्यात एक प्रश्न पहिला विचारतात. खाते बंद आहे असे कानावर आले, की आम्ही विचारतो, यंत्र बंद पडले आहे की बंद ठेवले आहे? बिघाड असेल तर फिटर बोलवावा. टाळेबंदी असेल तर फिटर काय करणार? तिथे मालकाशी बोलावे लागते. टॅब्लेटच्या बाबतीत लोक हा प्रश्न विचारीत नाहीत. चार दिवस फिटरकी करतात, पाच पेनड्राइव्ह विकत आणतात, आणि कुलूप मात्र दाराला तसेच असते.

प्रथम हे बाहेरून चालू करणे म्हणजे काय ते पाहू. यंत्राला वीज मिळाली की आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. हल्लीच्या संगणकांत त्याला यूईएफआय म्हणतात. त्याचे काम गेटवरच्या जमादाराचे. विंडोज, लिनक्स वगैरे जी मोठी कार्यप्रणाली, ती कोठे ठेवली आहे ते शोधायचे, तिला आत घ्यायचे आणि कारभार तिच्या हाती द्यायचा. सामान्यतः ती यंत्राच्या पोटातच असते. पण ती नासली, किंवा जुनी झाली, किंवा आपल्याला दुसरी हवी असली, तर ती पेनड्राइव्हवर घालून बाहेरून आणावी लागते. ही गरज आता घरोघर येणार आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ज्यावर चढत नाही अशी धडधाकट यंत्रे पुष्कळ आहेत. ती भंगारात घालायची नसतील तर लिनक्स बाहेरूनच आणावी लागते.

आता जमादार बाहेरच्या पाहुण्याला आत का घेत नाही? आधी बिघाडाची कारणे घेऊ; ती सोपी आहेत आणि फुकटात सुटतात.

बाहेरून काही आत आणायचे असेल तर यंत्राने आधी हात पुढे करायला हवा. लहान टॅब्लेटांना चार्जिंगचे एकच छिद्र असते. मायक्रो-यूएसबीचे छिद्र असेल तर साधी तार चालत नाही. ओटीजी नावाची जोडणी लागते. तिच्यातली एक पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेली असते, आणि त्यावरूनच टॅब्लेटला कळते की आज आपण घेणारे नसून देणारे आहोत. साध्या तारेने टॅब्लेट स्वतःला पाहुणा समजून बसतो. शिवाय छिद्र एकच, तेव्हा पेनड्राइव्ह लावली की चार्जिंग बंद. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, नाहीतर स्वतःची वीज असलेला हब वापरावा.

मग पेनड्राइव्ह तपासावी. कार्यप्रणालीची आयएसओ फाइल उतरवून घ्यायची आणि जशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकायची, असे बरेच जण करतात. हे म्हणजे शिवणाचे यंत्र खोक्यासकट टेबलावर ठेवून कापड पुढे करण्यासारखे आहे. ती फाइल त्यासाठीच्या प्रोग्रामने उलगडून लिहावी लागते. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेली असावी, कारण यूईएफआयला ती हमखास वाचता येते. आणि ह्या पद्धतीत एक फाइल चार जीबीहून मोठी राहू शकत नाही, म्हणून विंडोजची मोठी फाइल तुकडे करून घालावी लागते. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालते का हे आधी पाहून घ्यावे. अर्धे भांडण तिथेच मिटते.

बटणांचेही तंत्र आहे. टॅब्लेटला कळफलक नसतो, म्हणून आवाजाची बटणेच कामाला लावतात. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस प्रो यंत्रात आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरायचे, वीजेचे बटण दाबून सोडायचे आणि चिन्ह दिसेपर्यंत पहिले सोडायचे नाही. आवाज वाढवण्याचे बटण धरले तर पेनड्राइव्ह नव्हे, जमादाराची स्वतःची खोली, म्हणजे यूईएफआयची मांडणी उघडते. इतर कंपन्यांच्या चाली निराळ्या आहेत. आणखी एक गोष्ट. विंडोज 'बंद' केले तरी पुष्कळदा ते पुरते बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून अर्धे झोपते. शिफ्ट धरून बंद केले की पुरते बंद होते.

आता एक चमत्कारिक कारण सांगतो, कारण ह्याने भल्याभल्यांना चकवले आहे. २०१३-१४ च्या सुमारास इंटेलचे बे ट्रेल जातीचे अ‍ॅटम प्रोसेसर घातलेली स्वस्त टॅब्लेटे बाजारात आली. प्रोसेसर ६४ बिटांचा, पण त्यांतल्या कित्येकांत कोरलेला जमादार ३२ बिटांचा! कारखाना मोठा आणि गेट अरुंद. ६४ बिटांची लिनक्स पेनड्राइव्ह लावली की जमादार तिच्याकडे पाहतसुद्धा नाही, कारण तो शोधतो बूट-आयए३२ नावाची फाइल, आणि पेनड्राइव्हवर असते बूट-एक्स६४. चूक दाखवणारा एक शब्दही पडद्यावर येत नाही. हे कोडे डेबियनच्या स्वयंसेवकांनी नीट सोडवले. २०१५ साली आलेल्या डेबियन ८ पासून अशी पेनड्राइव्ह मिळू लागली की जी अरुंद गेटातून शिरते आणि आत ६४ बिटांचीच प्रणाली मांडते. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेली यंत्रे फुकट काम करणाऱ्या माणसांनी चालती केली, हे आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इथपर्यंत फिटरचे काम. एवढे करूनही दार उघडत नसेल तर बहुधा बिघाड नाही, मनाई आहे.

त्या मनाईचे नाव सिक्युअर बूट. २०११ मध्ये यूईएफआयच्या नियमांत ही सोय आली आणि २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ती सर्वत्र पसरली. येणाऱ्या प्रत्येक प्रणालीजवळ सही केलेला गेटपास असला पाहिजे, आणि ती सही जमादाराजवळच्या यादीतल्या किल्लीशी जुळली पाहिजे. हेतू वाईट नाही. विंडोजच्याही आधी उठून बसणारे विषाणू असतात, ते औषधाला सहजासहजी सापडत नाहीत. त्यांना गेटवरच अडवणे हा चांगला उपाय. ह्या कुलपाने सगळे अडते असेही नाही. ब्लॅकलोटस नावाच्या विषाणूने ते चुकवले, हे २०२३ मध्ये उघड झाले. पण म्हणून कुलूपच नको असे मी म्हणणार नाही. कारखान्याला गेट नको असे कोणता कामगार म्हणतो? मुंबईच्या गिरण्यांत जुन्या काळी बदली कामगाराला आत कोण घेई? जॉबर. गिरणीला दार होते ह्याबद्दल तक्रार नव्हती. दार एका माणसाच्या मर्जीवर होते, ही तक्रार होती.

ह्या कुलपाची गोष्टही तशीच घडली. विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने यंत्र बनवणाऱ्यांसाठी नियम काढले. इंटेल जातीच्या यंत्रांत, समोर बसलेल्या मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलेच पाहिजे, हवी तर स्वतःची किल्ली यादीत घालता आली पाहिजे. हे चांगले झाले. पण ते आपोआप झाले नाही. २०११ च्या सप्टेंबरात रेड हॅटच्या मॅथ्यू गॅरेट ह्यांनी धोका जाहीरपणे मांडला होता आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सह्यांची मोहीम केली होती. परंतु त्याच नियमांत एआरएम जातीच्या यंत्रांसाठी उलट हुकूम होता. तिथे कुलूप बंद करण्याची सोय असता कामा नये! एकच कंपनी, एकच कागद, आणि दोन जातींना दोन कायदे.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विक्रीला आलेले सर्फेस आरटी हे ह्या दुसऱ्या कायद्याखालचे यंत्र. त्यावर पेनड्राइव्ह चालत नाही असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या सहीची दुरुस्तीची पेनड्राइव्ह लावा, यंत्र मुकाट्याने उठते. दुसरी कोणतीही लावा, उठत नाही. ह्यावरून कळते की तार, छिद्र, बटण सगळे ठीक आहे आणि हुकूम वेगळा आहे. पुढे काय झाले? माल खपला नाही, जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवला, आणि १० जानेवारी २०२३ रोजी विंडोज आरटी ८.१ चा आधारही संपला. पडदा उत्तम, बॅटरी उत्तम, पण दुसरी प्रणाली घालण्याचा सरळ मार्ग मालकाला दिलेला नाही. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी दाखवले की कंपनीनेच चाचणीसाठी केलेल्या एका धोरण-फाइलने हे कुलूप उघडते. कंपनीने दुरुस्त्या काढल्या. म्हणजे किल्ली मालकाला द्यायची नव्हती, पण कंपनीलाही ती सांभाळता आली नाही.

इंटेल जातीच्या टॅब्लेटांत मात्र उपाय आपल्या हाती असतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन ह्या प्रणालींनी मायक्रोसॉफ्टच्या सहीचा एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम मिळवला आहे, त्याला शिम म्हणतात. तरीही काही यंत्रांत, विशेषतः सर्फेसमध्ये, 'फक्त मायक्रोसॉफ्ट' अशी निवड केलेली असते. ती 'मायक्रोसॉफ्ट आणि तिऱ्हाईत' अशी केली की शिमला वाट मिळते. पण त्याआधी एक खबरदारी! विंडोजने आतली सामग्री बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असली, तर ही निवड बदलताच ते ४८ आकडी किल्ली मागते. ती आधी कागदावर उतरवून घ्या. पोराचे वर्षाचे टिपण त्यात असते, घरचे फोटो असतात, आणि किल्ली नसली तर कोणताही फिटर ते परत देऊ शकत नाही.

आणखी एक टाळेबंदी आमच्याच पाहण्यातली. एका कारखान्याने आपली जुनी टॅब्लेटे कामगारांना स्वस्तात दिली. कारखान्याचे नाव घेत नाही. मुलांच्या अभ्यासाला होतील म्हणून लोकांनी हौसेने घेतली. एकही पेनड्राइव्हवरून उठेना. तार बदलली, पेनड्राइव्ह बदलली. शेवटी जमादाराची खोली उघडली तर तिला पासवर्ड! बाहेरून चालू करणे कंपनीने बंद केले होते, आणि तो घालणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. विकलेली वस्तू, पण किल्ली विकणाऱ्याकडेच. आम्ही पत्र लिहिले, भेटलो, पुन्हा भेटलो. तीन आठवड्यांनी कोठल्याशा वहीत पासवर्ड सापडला. त्यानंतर जुनी सामग्री कामगारांना देण्याचा विषय निघाला की करारात आम्ही एक ओळ घालतो: पासवर्ड काढून आणि बाहेरून चालू करून दाखवूनच ताबा द्यावा. आपणही जुने यंत्र घेताना दुकानदाराला हेच म्हणा, आणि पावतीवर लिहून घ्या.

आपल्या सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी अशी चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली. दुरुस्ती म्हटली की सुटे भाग आणि माहितीपुस्तिका एवढेच डोळ्यांपुढे येते. माझे म्हणणे, किल्लीसुद्धा सुटा भागच समजावी. कंपनीने आधार थांबवला त्या दिवशी किल्ली ग्राहकाच्या हाती यावी. ही मागणी ग्राहक पंचायतीने करावी, कामगार संघटनांनी करावी, शाळांनी तर जरूर करावी, कारण टॅब्लेटांची खरेदी शाळांसाठीही होते आणि आधार संपला की ती कपाटात जातात.

विषय कोरडा होता, आपण शांतपणे ऐकलेत. कोणी आपला न उठणारा टॅब्लेट पिशवीत घालून आणला असेल तर सभा संपल्यावर मागच्या बाजूला थांबावे. माझ्याजवळ ओटीजीची जोडणी आणि एक तपासलेली पेनड्राइव्ह आहे. चार्जर मात्र ज्याचा त्याने आणलेला असावा.