मनाच्या दप्तरातील नोंद

आज पदवी ग्रहण केलेल्या स्नातक-स्नातिकांनो,

आपल्या हाती आलेल्या पदवीपत्राने बुद्धीची रुजवात पुरी झाली. परंतु ज्या मनाच्या आधारावर ही बुद्धी यापुढे कारभार चालविणार, त्याच्या दप्तरात काय काय दाखल आहे याची विचारणा कोणत्याही परीक्षेत झाली नाही, म्हणून ती आज करण्याची मला अनुज्ञा असावी.

माझे वडील निवर्तले तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो, आणि त्यानंतरचे सबंध वर्ष मी घरादारावर संतापत राहिलो. अखेर एके सायंकाळी माझी आत्या, जी शाळेची पायरीही चढली नव्हती, मजजवळ बसून म्हणाली, "अरे, हा राग नव्हे. दादाच्या शेवटच्या पत्राला तू उत्तर धाडलं नाहीस, त्याची ही रुखरुख आहे." नाव बरोबर पडताच संताप ओसरला, आणि त्याच रात्री मी त्या पत्राचे उत्तर लिहावयास बसलो.

आत्येने जे सहज केले, त्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात 8 स्थायी, 33 व्यभिचारी आणि 8 सात्त्विक अशा 49 भावांची गणना आहे. तीत चिंता निराळी, शंका निराळी, विषाद निराळा, आणि मनातील भाव लपविण्याच्या वृत्तीसही 'अवहित्था' हे स्वतंत्र नाव आहे. आजच्या विज्ञानाचीही यास साक्ष आहे: 2007 साली लॉस एंजेलिस येथील मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, क्षुब्ध मुद्रांची चित्रे पाहताना त्यांतील भावनेस शब्द दिला असता मेंदूतील अमिग्डला या केंद्राची खळबळ मंदावते.

आणि आपण? मुलाखतीची धास्ती, गाव सुटल्याची हुरहूर, बोलून गेलेल्या कठोर शब्दाची खंत, मित्राच्या यशाने उठलेली असूया, या साऱ्यांवर 'टेन्शन' हा एकच शिक्का मारून मोकळे होतो. निरनिराळ्या कुळांच्या जमिनी एकाच खात्यावर चढल्या की बांधाचा तंटा जसा मिटत नाही, तसे मग मनाचे होते. कारण धास्ती तयारी मागते, हुरहूर घरच्यांचा आवाज मागते, खंत क्षमायाचनेनेच निवते, आणि असूया आपल्यालाच काय हवे होते ते सांगून जाते. नाव कळल्यावाचून मागणी कळत नाही.

अर्थात, नाव देणे हा उपचाराचा आरंभ होय, संपूर्ण उपचार नव्हे. पंधरवडा उलटूनही झोप आणि भूक परतली नाही, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर तापाच्या रोग्याने जावे तितक्याच निःसंकोचपणे वैद्यांकडे जा. 2022 पासून 14416 या क्रमांकावर शासनाची विनामूल्य 'टेलिमानस' सेवा अहोरात्र चालते.

आज सायंकाळी वसतिगृहातील वळकट्या बांधताना आपला कंठ दाटून येईल. सोबती विचारील, "काय झालं?" तेव्हा 'काही नाही' म्हणू नका. क्षणभर थांबा, योग्य तो शब्द शोधा आणि तो त्याला सांगा. बहुधा त्याच्याही मनात तोच शब्द अडखळत असेल.