ओल कुठून चढली?

मंडळी, श्रावणातल्या व्याख्यानाला भिंतीची बुरशी हा विषय घेतला, याचं काहींना हसू आलं असेल. पण आपल्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, भाड्यानं राहतं कोण? बदलून आलेले शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले. ते घर बघतात उन्हाळ्यात. भिंत कोरडी, रंग ताजा. ऑगस्टात कपाट सरकवलं की मागं काळे ठिपके आणि गाद्यांना कुबट वास. मग मालक म्हणतात, "सर, आम्ही राहत होतो तेव्हा असं नव्हतं. तुम्ही कपडे आत वाळवता." सर म्हणतात, "तुमचा स्लॅब गळतो." भिंतीला कुणीच विचारत नाही.

ओल खालून गुडघ्या-कमरेपर्यंत चढली असेल, पोपडे सुटले असतील, तर ती जमिनीची. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. जोत्यात ओल अडवणारा थर नसला की विटा ते पाणी वर ओढतात. त्यावर फुलतो तो पांढरा लोणा. ती बुरशी नव्हे, क्षार आहे, पाण्यात विरघळतो. छताजवळ तपकिरी कडेचा डाग असेल आणि पावसागणिक पसरत असेल, तर गच्ची किंवा पन्हाळ बघा. ही दोन्ही दुखणी इमारतीची. मात्र डाग नसताना कोपऱ्यात, कपाटामागं नुसते काळे ठिपके आले, तर ती बहुधा घरातली वाफ: स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे. इथं भाडेकरूनं खिडकी उघडावी, कपाट भिंतीपासून सरकवावं. पण एका मोठ्या खोलीच्या तीन खोल्या पाडून मधलीला खिडकीच ठेवली नसेल, तर त्यानं उघडायचं काय?

इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं लेकरू डिसेंबर 2020 मध्ये घरातल्या बुरशीनं गेलं. बाप तक्रार करत होता आणि घरमालक संस्था त्यांच्या राहणीकडं बोट दाखवत होती. पुढं त्या मुलाच्या नावानं कायदा झाला.

आपल्याकडं बुरशीचा वेगळा कायदा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, याचं कलम 14 म्हणतं की घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरूनं दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा; पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. हा कायदा अनुसूचीतल्या गावांनाच लागू आहे, तेव्हा वकिलाकडून आधी ते तपासून घ्या. नाहीतर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. त्याच्या कलम 108 नुसार, मालकाला ठाऊक असलेला आणि साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष त्यानं आधीच सांगायला हवा. मे महिन्यात ओलीवर रंग मारून घर दाखवणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावं.

आता गोम ऐका. या दोन्ही कायद्यांत करार वेगळं सांगत असेल, तर बहुधा करारच चालतो. आणि आपण तहसीलसमोर टाइप करून आणतो त्या छापील मसुद्यात "सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी" ही ओळ बऱ्याचदा आयतीच असते. सही करण्याआधी ती खोडून घ्या. गच्ची, पन्हाळ, जोत्याची ओल मालकाकडं, असं तिथंच लिहून घ्या. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा तर कायद्यानं भाडेकरूही नसतो. त्याच्या हाती मुख्यतः तो कागदच असतो.